कामगारांचं जग ऑनलाइन कसं शोधावं: फोटो, आवाज, गाणी आणि चित्रांचा माग

‘कामगार चळवळ’ असं टाकून सर्च केलं की पहिल्या पानावर नेत्यांची चरित्रं येतात, गाजलेले संप येतात, कायद्यांच्या याद्या येतात. हे वाचायलाच हवं. पण मागावरची बाई पहाटे किती वाजता घर सोडायची, खाणीतला पोरगा दिवसभर कशावर बसून काम करायचा, संपाच्या दिवसांत कोणतं गाणं म्हटलं जायचं, हे त्यात सापडत नाही. त्याच्या नोंदी आहेत, आणि भरपूर आहेत. ग्रंथालयांनी, विद्यापीठांनी, संग्रहालयांनी फोटो, मुलाखती, गाण्यांचे कागद, निशाणं, पत्रकं स्कॅन करून लाखांच्या संख्येने मोफत खुली केली आहेत. मात्र ती विखुरलेली आहेत, बहुतांश इंग्रजीत आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याचशा कामगारांबद्दल दुसऱ्या कुणीतरी करून ठेवलेल्या आहेत: मालकाने, सरकारी तपासनिसाने, पत्रकाराने, समाजसुधारकाने. म्हणून समोर काहीही आलं तरी आधी एक गोष्ट विचारायची: हे कुणी केलं, आणि कुणाला दाखवण्यासाठी? पुढचा प्रत्येक टप्पा या प्रश्नाभोवती फिरतो.

पहिला टप्पा: विषय लहान करा

‘कामगार संस्कृती’ एवढा मोठा विषय घेऊन बसलात तर थोड्याच दिवसांत दमून जाल. एक धंदा, एक प्रदेश आणि एक दशक ठरवा. १९०० च्या आसपासच्या इंग्लंडच्या लँकशरमधल्या सूतगिरण्या, १९१० च्या सुमाराच्या पेनसिल्व्हेनियातल्या कोळशाच्या खाणी, १९३० च्या दशकातले डेट्रॉइटचे मोटार कारखाने, असं काहीतरी. याच विषयाला चिकटून राहायची सक्ती नाही, पण सुरुवात इथून झाली तर पुढची दारं आपोआप उघडतात.

मग सर्चचे शब्द गोळा करा. जुन्या कागदांत गिरणीकामगाराला बऱ्याचदा ‘ऑपरेटिव्ह’ किंवा नुसतं ‘हँड’ म्हटलेलं असतं. भरलेल्या बॉबिन, म्हणजे सुताची रिळं, काढणाऱ्या पोराला ‘डॉफर’, तुटलेला धागा जोडणाऱ्याला ‘पीसर’. ‘वर्कर’ एवढाच शब्द टाकला तर या सगळ्या नोंदी हातच्या जातात. शब्द मिळवायची सोपी वाट अशी: एक चांगला फोटो किंवा कागद सापडला की त्याच्या नोंदीत खाली ‘सब्जेक्ट’ म्हणून जे मथळे असतात, त्यांवर क्लिक करा. ग्रंथपालांनी एका मथळ्याखाली लावलेलं सगळं एकदम समोर येतं. हे मथळे वहीत उतरवून ठेवा, दुसऱ्या संग्रहांतही तेच किंवा त्यांच्या जवळपासचे शब्द चालतात.

ब्राउझरमध्ये मराठी भाषांतराची सोय असते, ती जरूर वापरा. पण धंद्यातले शब्द त्यात हमखास बिघडतात, त्यामुळे फोटोखालची ओळ मूळ भाषेतही एकदा वाचा.

दुसरा टप्पा: एका फोटोपाशी थांबा

सुरुवात फोटोंपासून करावी असं माझं ठाम मत आहे. आणि फोटोंमध्ये छायाचित्रकार लुइस हाइन यांच्यापासून. अमेरिकेतल्या राष्ट्रीय बालमजुरी समितीने १९०८ मध्ये त्यांना कामावर घेतलं. पुढची अनेक वर्षं ते गिरण्या, खाणी, डबाबंद मासळीचे कारखाने, रस्त्यावर पेपर विकणारी मुलं असे फिरत राहिले. आत प्रवेश मिळावा म्हणून कधी वेगळीच ओळख सांगायचे, हात खिशात ठेवून आतल्या आत टिपणं लिहायचे आणि मुलांची उंची स्वतःच्या कोटाच्या गुंड्यांवरून मोजायचे. या समितीचे ५,१०० हून अधिक फोटो वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर आहेत. ते मोठ्या आकारात डाउनलोड करता येतात.

त्यातला जानेवारी १९११ चा, पेनसिल्व्हेनियातल्या साउथ पिट्स्टनच्या यूएन (Ewen) ब्रेकरचा फोटो उघडा. ब्रेकर म्हणजे कोळसा फोडून निवडायची इमारत. मुलं रांगांनी वाकून बसलेली आहेत, खालून कोळसा घसरत जातो आणि त्यातले दगड ती हाताने वेचतात. आता फोटोखालची ओळ वाचा. हाइन लिहितात की धूळ कधीकधी इतकी दाट व्हायची की समोरचं दिसेनासं व्हायचं, ती मुलांच्या फुप्फुसांत अगदी खोलवर जायची, आणि गुलामांवरच्या मुकादमासारखा एक माणूस कधीकधी त्यांच्या मागे उभा राहून त्यांना टोचून, लाथा मारून कामाला लावायचा. ही ओळ वाचल्यावर परत फोटोकडे जा. चित्र मोठं करा. चेहरे, टोप्या, बोटं बघा. कोण कॅमेऱ्याकडे बघतंय, कोण मान वर काढत नाहीये? प्रकाश कुठून येतोय? एका फोटोला निदान दहा मिनिटं द्या. भराभर शंभर फोटो पाहण्यापेक्षा यातून कितीतरी जास्त कळतं.

मग नेहमीचा प्रश्न. हाइन यांना बालमजुरी बंद करायची होती, म्हणून त्यांनी सर्वांत लहान, सर्वांत केविलवाणी मुलं निवडली. त्यांच्या हेतूबद्दल मला मनापासून आदर आहे. तरीही त्यांच्या फोटोंत हसणारं, भांडणारं, खोड्या काढणारं पोर कमी सापडतं, आणि ते पोरही त्या ब्रेकरमध्ये होतंच. त्यासाठी इतर संग्रहांकडे जावं लागतं.

याच संकेतस्थळावर फार्म सिक्युरिटी अॅडमिनिस्ट्रेशन या, गरीब शेतकऱ्यांसाठीच्या अमेरिकी सरकारी खात्याचा संग्रह आहे. १९३५ पासून सरकारी पगारावर डोरोथिया लँग, वॉकर इव्हान्स, गॉर्डन पार्क्स अशा छायाचित्रकारांनी शेतमजूर, स्थलांतरित, खाणकामगार टिपले. सुमारे पावणेदोन लाख कृष्णधवल निगेटिव्ह त्यात आहेत. प्रत्येक फोटोच्या पानावर शेजारच्या क्रमांकाचे फोटो पाहण्याची सोय असते, ती नक्की वापरा. गाजलेल्या फोटोच्या आधी-नंतरच्या फ्रेम तिथे दिसतात आणि छायाचित्रकाराने काय निवडलं, काय टाकलं हे उलगडतं. काही फ्रेमच्या मधोमध काळं गोल भोक दिसेल. या प्रकल्पाचे प्रमुख रॉय स्ट्रायकर नापसंत निगेटिव्हला पंच मारून बाद करायचे. मला स्वतःला ही भोकं पडलेली चित्रं फार बोलकी वाटतात, कारण कामगाराचं कोणतं रूप देशाला दाखवायचं हा निर्णय तिथे उघड्यावर दिसतो.

फोटोंवरून चालत्या चित्रांकडे जाणं सोपं आहे. १८९५ मध्ये ल्युमिएर बंधूंनी लिऑनमधल्या स्वतःच्याच कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार चित्रित केले. याच्या तीन आवृत्त्या आहेत, त्या एकापाठोपाठ पाहा आणि कपडे, चालण्याचा वेग, गर्दी यांतले फरक शोधा. मालकानेच काढलेली फिल्म आहे हे लक्षात ठेवा. मग ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने जतन केलेल्या मिचेल आणि केनियन यांच्या फिल्म पाहा. १९९४ मध्ये ब्लॅकबर्नमधल्या एका दुकानाच्या तळघरात लोखंडी पिंपांत भरलेली आठशेच्या आसपास निगेटिव्ह सापडली. १९०० नंतरच्या काही वर्षांत ही मंडळी गिरणीच्या फाटकाशी कॅमेरा लावायची आणि तीच फिल्म जत्रेत दाखवायची, म्हणजे कामगार स्वतःला पाहायला तिकीट काढून येणार. त्यामुळे इथे लोक बुजत नाहीत, कॅमेऱ्यासमोर येतात, टोपी उडवतात, एकमेकांना ढकलतात. डोक्यावरून शाली घेतलेल्या बायका आणि अर्धा दिवस शाळा, अर्धा दिवस गिरणी करणारी मुलं नीट न्याहाळा. हाइनच्या फोटोंत जे कमी पडतं ते इथे आहे.

तिसरा टप्पा: कामगाराचा स्वतःचा आवाज

हा टप्पा सर्वांत कष्टाचा आणि सर्वांत मोलाचा.

लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठात जॉन बर्नेट यांच्या नावाने कामगारवर्गीय आत्मचरित्रांचा संग्रह आहे. मोलकरणी, खाणकामगार, विणकर अशांनी उतारवयात लिहिलेली, कधीच न छापलेली दोनशेहून अधिक हस्तलिखितं आणि टंकलिखितं त्यात आहेत. लिव्हरपूल जॉन मूर्स विद्यापीठाच्या ‘रायटिंग लाइव्ह्ज’ प्रकल्पात विद्यार्थ्यांनी यांतल्या अनेकांवर लेख लिहिले आहेत. आधी ते लेख वाचा, मग आवडेल त्या माणसाच्या मूळ लिखाणाकडे वळा. घर, खाणं, शाळा, पहिली नोकरी असे विभाग केलेले असल्याने हवा तो धागा पकडणं सोपं जातं.

अमेरिकेच्या फेडरल रायटर्स प्रोजेक्टमधल्या सुमारे २,९०० जीवनकथा लायब्ररी ऑफ काँग्रेसवर आहेत. १९३६ ते १९४० या काळात बेकार लेखकांना सरकारने पगार देऊन लोकांशी बोलायला पाठवलं, त्यातून हे जमलं. वाचताना एक पथ्य पाळा. यांतलं बरंचसं लेखकाने टिपणांवरून नंतर मांडलेलं आहे, त्यामुळे एखादं वाक्य फारच गोळीबंद वाटलं तर ते बोलणाऱ्याचं की लिहिणाऱ्याचं, असा संशय घ्यायला हरकत नाही. प्रत्यक्ष आवाजच ऐकायचा असेल तर शिकागोच्या स्टड्स टर्केल यांचं रेडिओ संग्रहालय आहे. ते डब्ल्यूएफएमटी केंद्रावर ४५ वर्षं लोकांशी बोलत राहिले आणि त्यातले शेकडो कार्यक्रम मोफत ऐकता येतात.

एकाच घटनेकडे अनेक बाजूंनी पाहायचं असेल तर कॉर्नेल विद्यापीठाच्या खील सेंटरने ट्रँगल फॅक्टरीच्या आगीवर उभारलेलं संकेतस्थळ उघडा. २५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कमधल्या या शर्टवेस्ट, म्हणजे बायकांचे ब्लाउज, शिवणाऱ्या कारखान्यात १४६ जण मेले. बहुतेक तरुण मुली, इटलीतून आणि पूर्व युरोपातून आलेल्या. एक दार कुलूपबंद होतं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मालक निर्दोष सुटले. या संकेतस्थळावर वर्तमानपत्रांतल्या बातम्या आहेत, खटल्यातल्या साक्षी आहेत, आणि वाचलेल्या बायकांच्या बऱ्याच वर्षांनी घेतलेल्या मुलाखतीही आहेत. क्रम असा ठेवा: आधी बातमी, मग कोर्टातली उलटतपासणी, शेवटी मुलाखत. कोर्टात वकिलाच्या प्रश्नांपुढे मोजकं बोलणाऱ्या बायका आणि मुलाखतीत मोकळेपणाने आठवणी सांगणाऱ्या बायका यांच्यातलं अंतर वाचताना अंगावर येतं. कुणाला सांगितलं यावर काय सांगितलं हे किती अवलंबून असतं, ते इथे डोळ्यांसमोर दिसतं.

भारतातल्या श्रमिकांसाठी दोन जागा आवर्जून पाहाव्यात. व्ही. व्ही. गिरी राष्ट्रीय श्रम संस्था आणि भारतीय श्रम-इतिहासकारांची संघटना यांनी १९९८ मध्ये सुरू केलेलं ‘आर्काइव्ह्ज ऑफ इंडियन लेबर’, ज्यात संघटनांचे कागद आणि मौखिक इतिहास आहे. आणि पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेलं ‘पारी’, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया. पारीवरचे कितीतरी लेख मराठीतही आहेत. तिथलं बायकांच्या श्रमावरचं छायाचित्र-प्रदर्शन जरूर बघा. फोटो साईनाथ यांनीच १९९३ ते २००२ या काळात काढलेले आहेत.

चौथा टप्पा: गाणी

गाणं हे कामगाराचं सर्वांत स्वस्त आणि सर्वांत टिकाऊ साधन. कागद लागत नाही, कुणाची परवानगी लागत नाही.

ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयाच्या ‘ब्रॉडसाइड बॅलड्स ऑनलाइन’ या संग्रहात सुमारे ३०,००० गाणी आहेत. ही गाणी एका सुट्या कागदावर, वर एक ठोकळाचित्र लावून छापायचे आणि रस्त्यात विकायचे. विणकरांची हलाखी, खाणीतले अपघात, संप, समुद्रावरचं जिणं, सगळं त्यात आहे. इथे एक हत्यार हाताशी ठेवा: राउड क्रमांक. स्टीव्ह राउड यांनी इंग्रजी लोकगीतांची सूची केली, त्यात एका गाण्याच्या सगळ्या रूपांना एकच क्रमांक दिला. व्हॉन विल्यम्स मेमोरियल लायब्ररीच्या संकेतस्थळावर तो क्रमांक टाकला की तेच गाणं कुठल्या गावात, कोणाच्या तोंडून, कोणत्या साली नोंदलं गेलं याची यादी मिळते. कडवी शेजारी ठेवून वाचा. छापील कागदावर नसलेलं, पण गाणाऱ्याच्या तोंडी असलेलं कडवं कामगारांच्याच तोंडी तयार झालेलं असू शकतं.

पारीवरच जात्यावरच्या ओव्यांचा प्रकल्प आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पहाटे दळताना गायलेल्या या ओव्यांत माहेर-सासर आहे, जात आहे, थकवा आहे, आंबेडकरांवरची माया आहे. बिनपगारी घरकाम कामगारांच्या इतिहासात धरायचं की नाही यावर वाद घालणारे आहेत. माझ्या मते ते धरलंच पाहिजे, कारण गिरणीत किंवा रानात जाणारा प्रत्येक माणूस कुणाच्या तरी दळणावर उभा होता. ओवी आधी ऐका, शब्द नंतर वाचा. जात्याची घरघर कुठे थांबते, कुठे श्वास लागतो, हे शब्दांत येत नाही.

पाचवा टप्पा: निशाणं आणि चित्रं

कामगार संघटनांची निशाणं ही एक स्वतंत्र कला आहे आणि मँचेस्टरच्या पीपल्स हिस्टरी म्युझियममध्ये तिचा जगातल्या मोठ्या संग्रहांपैकी एक आहे. यांतली कितीतरी लंडनच्या जॉर्ज टुटिल यांच्या, १८३७ मध्ये सुरू झालेल्या कारखान्यात तयार झाली. मोठ्या रेशमी कापडावर दोन्ही बाजूंनी रंगवलेली. त्यावर परत परत येणाऱ्या खुणा ओळखायला शिका: न मोडणारी काठ्यांची मोळी, हातात घेतलेला हात, संघटनेकडून मदत घेणारी विधवा. मग डरहॅमच्या खाणकामगारांच्या मेळाव्याचे फोटो आणि फिल्म शोधा. १८७१ मध्ये सुरू झालेला हा मेळावा आजही भरतो. वर्षभरात खाणीत कुणी दगावलं असेल तर त्या खाणीच्या निशाणावर काळं कापड बांधण्याची रीत होती. हे माहीत असलं की जुन्या फोटोतली काळी पट्टी नजरेतून सुटत नाही.

चित्रकलेत जर्मनीच्या कॅथे कोलविट्झ यांना तोड नाही. ‘विणकर’ ही सहा चित्रांची मालिका त्यांनी १८९३ ते १८९७ या काळात केली. १८४४ मधल्या सायलेशियाच्या विणकरांच्या उठावावरचं नाटक पाहून ती सुचली. कलोनच्या कोलविट्झ संग्रहालयाच्या संकेतस्थळावर सहाही चित्रं माहितीसह आहेत. पहिलं चित्र मोठं करून बघा: पुढे अंथरुणात आजारी मूल, त्याच्यावर ओणवलेली, डोकं हातांत धरलेली आई, आणि मागे खोली व्यापून बसलेला माग. जगायला ज्याची गरज त्यानेच जागा खाल्लेली. १८९८ मध्ये परीक्षकांनी पदकासाठी शिफारस केली आणि कैसरने, म्हणजे जर्मन सम्राटाने, ती फेटाळली.

डेट्रॉइटच्या कलासंग्रहालयातली, मेक्सिकोचे चित्रकार दिएगो रिव्हेरा यांची २७ भित्तिचित्रं, १९३२-३३ मधली, बघताना दक्षिण भिंतीवर कामगारांवर नजर ठेवणारा मुकादम आणि कारखाना बघायला आलेले पाहुणे शोधा. यंत्रांचा वेग आणि माणसांची लय त्यात विलक्षण उतरली आहे. पण पैसे फोर्ड मोटार कंपनीचे अध्यक्ष एडसेल फोर्ड यांचे होते. आणि काम सुरू होण्याच्या थोडंच आधी, ७ मार्च १९३२ रोजी, फोर्डच्या कारखान्यावर निघालेल्या बेकारांच्या मोर्चावर गोळीबार होऊन माणसं मेली होती. तो मोर्चा भिंतीवर थेट दिसत नाही.

याच्या शेजारी ठेवायला अॅशिंग्टन गट घ्या. नॉर्थम्बरलँडमधल्या खाणकामगारांनी १९३४ मध्ये संध्याकाळच्या कला-आस्वादाच्या वर्गात नाव घातलं. शिक्षक रॉबर्ट लायन यांनी त्यांना व्याख्यानं देण्याऐवजी ब्रश दिले. पाळी संपवून आलेल्या माणसांनी घराला लावायच्या रंगांत, स्वस्त फळ्यांवर आपलं जग काढलं: खाणीतलं काम, पाळीव कुत्री, भाजीचे वाफे, स्वयंपाकघर. ‘आर्ट यूके’ या संकेतस्थळावर ही चित्रं मिळतात, मूळ चित्रं वुडहॉर्न संग्रहालयात आहेत. रिव्हेरा थोर आहेतच, पण खाणकामगाराला संध्याकाळी काय बघावंसं वाटतं हे इथेच कळतं.

सहावा टप्पा: वर्तमानपत्रं आणि सरकारी अहवाल

चार्टिस्टांचं, म्हणजे कामगारांना मताचा हक्क मागणाऱ्या ब्रिटिश चळवळीचं, ‘नॉर्दर्न स्टार’ ब्रिटनमधल्या १९ व्या शतकातल्या नियतकालिकांच्या एका मोफत संग्रहात पूर्ण आहे. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘ट्रोव्ह’वर ब्रिस्बेनचं, १८९० मध्ये सुरू झालेलं ‘वर्कर’ वाचता येतं. मेलबर्नच्या गवंड्यांनी १८५६ मध्ये आठ तासांच्या दिवसासाठी काम थांबवलं होतं, त्यामुळे तिथे ‘एट अवर्स’ हा शब्द टाकून बघा, मिरवणुकांच्या बातम्यांचा ढीग निघतो. स्कॅनमधून यंत्राने वाचलेल्या मजकुरात चुका असतात, म्हणून एकच शब्द दोन-तीन स्पेलिंगने शोधा.

सरकारी अहवालांत निष्कर्षापेक्षा साक्षी वाचा. १९२९ ते १९३१ मधल्या भारतातल्या श्रमविषयक रॉयल कमिशनचे साक्षीचे खंड इंटरनेट आर्काइव्हवर आहेत. त्यात गिरणीमालक, अधिकारी, संघटना आणि मधूनच खुद्द कामगार बोलतात. कामगारांची पानं थोडी आहेत, ती आधी शोधा.

सातवा टप्पा: जपून ठेवणं

सापडलेल्या प्रत्येक वस्तूची नोंद करा: संग्रहाचं नाव, वस्तूचा क्रमांक, पत्ता, पाहिल्याची तारीख, आणि ‘कुणी केलं’ याचं एका ओळीतलं उत्तर. नुसता बुकमार्क पुरत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि तिच्या ऑनलाइन सेवा दीर्घकाळ बंद पडल्या. महत्त्वाचं पान सापडलं की वेबॅक मशीन या, वेबपानांच्या प्रती साठवणाऱ्या मोफत सेवेत त्याचा पत्ता टाकून प्रत जतन करा. मुळातूनच बंद झालेली संकेतस्थळंही तिथे बऱ्याचदा मिळतात.

फोटो कुठे वापरायचा असेल तर हक्कांची ओळ वाचा. लायब्ररी ऑफ काँग्रेस ती प्रत्येक नोंदीत देते. जुनं आहे म्हणजे मोकळं आहे असं धरून चालू नका, विशेषतः मुलाखतींच्या बाबतीत. बोलणाऱ्याने कशासाठी होकार दिला होता ते बघा.

आठवा टप्पा: आपली भर

ट्रोव्हवर कुणीही यंत्राने चुकवलेला मजकूर सुधारू शकतं. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या ‘बाय द पीपल’ प्रकल्पात हस्तलिखितं टाइप करून देता येतात. रोज पंधरा मिनिटं केलं तरी पुढच्याला ते शब्द शोधता येतात.

आणि तुमच्या ओळखीत कारखान्यात, गोदीत, छापखान्यात, बांधकामावर आयुष्य घालवलेलं कुणी असेल तर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करा. मोबाइल पुरतो. खोली शांत असू द्या, पंखा बंद ठेवा. ‘तुमच्या काळातली परिस्थिती सांगा’ असं विचारू नका. पहिल्या दिवशी कुणी काम शिकवलं, हत्यार कसं धरायचं, पहिल्या पगाराचं काय केलं, कामाच्या जागी कोणत्या नावाने हाक मारायचे, असं विचारा. हाताने करून दाखवायला सांगा आणि त्या वेळी व्हिडिओ चालू ठेवा, कारण हाताची सवय तोंडी सांगता येत नाही. जुनं ओळखपत्र, पगाराची चिठ्ठी, संघटनेचा बिल्ला निघाला तर दोन्ही बाजूंचे फोटो घ्या. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला तारीख, जागा आणि त्यांचा होकार त्यांच्याच आवाजात घ्या. नावासकट द्यायचं की नावाशिवाय, हे त्यांना ठरवू द्या. फाइलच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, आणि त्यातली एक त्यांच्या घरी द्या.